मोजायचं एक, तोलायचं एक

तिसऱ्या चांद्रमहिन्यात, ओहोटी पुरती उतरली की
थोआमावशी कमरेइतक्या पाण्यात उभी राहते
आणि कोयत्याने रोंग मऽ कापते.
तपकिरी शेवाळ.
उन्हाकडे धरलं तर सोनेरी.
आमच्या भाषेत मऽ म्हणजे जर्दाळू,
मऽ म्हणजे स्वप्न पाहणंसुद्धा.
विकताना यातलं काहीच आठवत नाही,
ती म्हणते. किलोचा भाव तेवढा आठवतो.

मी तिचा भाचा, डिएप.
पगार मला वर बघण्याचा मिळतो, तिला खाली.

वर चुनखडीचा सरळ कडा,
गुहेच्या तोंडाशी वानरं जागी होताहेत.
काळी अंगं, पिवळी डोकी,
जणू हळदीच्या वाटीत डोकं बुडवून
बाकीचं तसंच ठेवलं कुणी.
सगळ्या जगात मिळून शंभरही नाहीत,
आणि जी आहेत ती याच बेटावर,
याच कात बाच्या दगडांवर.
वहीत लिहितो : सात.
परवा आठ होती.

एका मादीच्या पोटाशी पिल्लू, अख्खं केशरी.
मावशी मान वर न करता म्हणते,
"जन्मतात दोघं एकाच रंगाची.
माझं काळं पडायला दोन दिवस पुरतात,
अंगणात, चटईवर.
तुझ्याला जरा जास्त लागतात, इतकंच."

शेवाळाला मूळ नसतं.
दगडावर असते ती नुसती मूठ,
मुळासारखी दिसते, पण पीत काही नाही,
फक्त सोडत नाही.
कड्यावरच्या बोटांचंही तेच.
लांब शेपट्या मात्र खाली लोंबतात,
वारा आला की हलतात,
पाण्यात रोंग मऽ हलतं तशा.
वादळानंतर जे सुटून किनाऱ्याला लागतं
त्याला मावशी "फुकटचं" म्हणते आणि गोळा करते.
वरून जे सुटतं
त्याला तिच्याकडे शब्द नाही.

होता, तिच्या बापाकडे.
हुओंगआजोबा कड्याखाली दोन दोन दिवस बसून राहत,
मग तीन रात्री चुलीवर मोठी कढई.
हाडं विरघळेपर्यंत.
सांधेदुखीवर म्हणे, बाळंतिणीला म्हणे.
गावात त्यांना कोणी वाईट म्हटलं नाही.
उलट तांदूळ आणून देत.
मावशी तेव्हा नऊ वर्षांची, जाळ सारायला बसायची.
वास कसा होता, मी एकदा विचारलं.
"गोडसर," म्हणाली, आणि उठून गेली.

अकराच्या सुमारास पाणी परतायला लागलं
तेव्हा ते दिसलं, आठवं.
एकटंच, अगदी खाली, लाटेच्या रेषेवर,
ओंजळ नव्हे, नुसतं तोंड लावून
खारं पाणी पीत होतं.
मावशीपासून दहा हातांवर.
तिचा कोयता हवेत तसाच.
भारा हातातून सुटून तरंगायला लागला,
त्याच्या हवेने भरलेल्या इवल्या दाण्यांवर.
वानराने भाऱ्याकडे पाहिलं.
मग तिच्याकडे.
मी दुर्बिणीत श्वास धरून,
आणि काचेवर माझ्याच घामाचा डाग.

कधी गेलं कळलं नाही.
भाराही गेला.

दुपारी व्यापाऱ्याने काटा लावला :
एकेचाळीस किलो, ओलं आहे म्हणून चार वजा.
मावशी भांडली, नेहमीसारखी,
शेवटी दोनावर तुटलं.
माझ्या वहीत खाडाखोड करून आठ.
आठमधून ओलं म्हणून काही वजा होत नाही.

संध्याकाळी अंगणात तीच कढई.
राखेने घासली, चुन्याने घासली,
वाळूने इतकी वर्षं घासली की तळ पातळ झालाय.
तिच्यात आता रोंग मऽ उकळतं,
उन्हाळ्यात पोट थंड ठेवणारं.
पहिली उकळी मावशी चाखत नाही.
दोन्ही हातांनी कढई उचलते,
धक्क्यापर्यंत नेते, ओतून देते.
पाणी क्षणभर तपकिरी होतं.

दुसरी आम्ही पितो.
साखर जरा जास्तच घालून.